तीन नंबरच्या खोलीचं मागचं दार

प्रिय अण्णा,

नमस्कार मागून घ्या, आधी ऐका. आपल्या तीन नंबरच्या विष्णूची टोळी ऊसतोड संपवून परत येतेय. सकाळी त्याचा फोन आला होता. परवा केजला पोचतो म्हणाला, आणि मग विचारलं, माय कशी आहे? बरी आहे, म्हटलं आणि फोन ठेवला. परवा मला त्याच्यासमोर उभं राहायचंय, अण्णा. पुण्यातल्या या घरात ते कुणाला सांगू? म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही श्रावणात गेलात. एसटीत उभी हयात घालवून बांधलेल्या पाच खोल्या आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या गळ्यात घातलात. सगळे म्हणाले, विकून टाक, इतक्या लांबून कशी बघणार? मी हट्टाला पेटले. मोटर बिघडली की गफूरभाईंना फोन, नळ गळला की गफूरभाईंना फोन. तुमचीच सगळी किरकोळ कामं करणारा माणूस, काळजी कसली? त्यांनी फोटो पाठवायचा, मी अंगठा पाठवायचा. दोनेक महिने असं छान चाललं आणि मी चारचौघींत मिरवायला लागले, की घरमालकिणीला गावात राहायची गरजच काय! तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात.

आठवतं? तुम्ही रोज सकाळी काठी घेऊन खोल्यांना चक्कर मारायचात, तापात सुद्धा. मी फोनवर चिडायची, भाडेकरू काय रात्रीत पळून जातात का? "आगं, बघून आलं म्हंजी बरं वाटतं," एवढंच तुमचं उत्तर. काय बघून येता, हे मी कधी विचारलंच नाही. आणि तुम्ही तरी नीट का नाही सांगितलंत हो? मोटर किती वाजता लावायची, कुठल्या खोलीचं मीटर कुठलं, सगळं वहीत लिहून ठेवलंत. हे एक नाही लिहिलंत. की सांगितलं होतंत आणि मीच भाजी चिरत हो हो करत राहिले?

दिवाळी झाली. एक नंबरचे गुरुजी सुटीत गावी गेले होते, शिकणाऱ्या पोरी आपापल्या घरी. तीन नंबरचा विष्णू बायको-पोरांना घेऊन तोडीला गेला. ओळच्या ओळ बंद.

सोमवारी दुपारी गफूरभाई टाकी बघायला गेले आणि तिथूनच फोन केला. तीन नंबरला पुढून कुलूप आहे, पण मागचं दार नुसतं लोटलेलं आहे, हाक मारली तर कुणी ओ देत नाही. परक्याच्या घरात डोकावणं त्यांच्या स्वभावात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, घाईत विसरले असतील, कुत्री शिरतील, तुम्ही आपलं कुलूप घाला. आणि रिकाम्या खोलीचं मीटरजवळचं बटणही बंद करून टाका.

ते घुटमळले. "ताई, इष्णूला येकदा इचारून घ्यावं का?"

मी म्हटलं, तो उसाच्या फडात, त्याचा फोन कुठे लागणार? पाच मिनिटांत फोटो आला. नवं कोरं पितळी कुलूप. मी अंगठा पाठवला.

बुधवारी अकराच्या सुमारास विष्णूचा फोन आला. मायचा फोन कालपासून लागत नाही, जरा कुणाला बघायला सांगता का, म्हणाला. मी विचारलं, माय कुठे आहे?

"खोलीतच हाय की. गुडघ्यामुळं तोडीला येववत न्हाई तिला. पुढून कुलूप लावून येतो, म्हंजी म्हातारी एकली हाय हे कुणाला कळत न्हाई. मागच्या दारानं जाती-येती. अण्णाला ठावं हुतं."

अण्णा, मी त्याला काय बोलले, मला आठवत नाही. गफूरभाईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. दहादा लावला. सोमवार दुपारपासून त्याची माय, भागूमाय, त्या खोलीत. उजेड नाही, फोन नाही, ऐकायला कमी येतं, आणि चावी गफूरभाईंच्या खिशात. केजमध्ये माझ्या ओळखीचं दुसरं कुणीच नव्हतं. जन्म जिथे झाला त्या गावात एक माणूस सापडेना मला!

शेवटी त्यांनी उचलला. ते कुणाच्या तरी पत्र्यावर चढले होते. मी म्हटलं, पळा, आणि फोन बंद करू नका. मी ऐकत होते. त्यांची गाडी, मग धाप, मग चावीचा आवाज. दार करकरलं. मग काहीच नाही. त्या वेळी मी देवाला काय काय कबूल केलं, ते तुम्हालाही सांगणार नाही.

"हायती," ते म्हणाले. "जित्त्या हायती." आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला.

मी तशीच निघाले, दिवेलागणीला पोचले. भागूमाय मागच्या पायरीवर बसली होती. दोन दिवस माठातलं पाणी आणि वाळल्या भाकरीचे तुकडे. कोपऱ्यातल्या बादलीवर तिनं लुगडं झाकून ठेवलं होतं, असं गफूरभाई मान खाली घालून सांगत होते. मी तिच्या पाया पडले. तिला विचारलं, माय, दार का नाही वाजवलं? रस्त्यावरून कुणीही आलं असतं.

"मालक गेले," ती म्हणाली. "नव्या मालकिणीनं कुलूप घातलं, म्हंजी खोली खाली करायची आसंल. आवाज केला आसता तर बाहीर काढलं आसतं. इष्णू यीस्तोवर गप पडून ऱ्हावं म्हणलं."

मला घाबरून, अण्णा! पालीला घाबरणाऱ्या तुमच्या पोरीला घाबरून ती म्हातारी कुलपाआड श्वास धरून पडली होती.

मग तिनंच मला शपथ घातली. विष्णूला कळलं तर तो काम टाकून येईल, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहील, टोळी येईपर्यंत बोलू नका. फोन चालू होता तोवर तिनंही त्याला कळवलं नव्हतं, ते याचसाठी. मी त्याला कळवलं, मायच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं. खोटं नव्हतं ते. पण तेव्हापासून त्याचा फोन आला की मी दोन शब्दांत उरकते.

तुमची चक्कर काय होती, तेही तिनंच सांगितलं. मागच्या दारावर काठीनं दोनदा वाजवायचात, आतून ती "हाय म्या" म्हणायची, की तुम्ही पुढे. आता गफूरभाई रोज सकाळी दार वाजवतात आणि मला फोनवर ऐकवतात. ते दोन शब्द ऐकल्याशिवाय मला चहा जात नाही.

परवा मी केजला येईन. विष्णू ट्रॅक्टरवरून उतरला, की त्याच्या हातात ते पितळी कुलूप ठेवीन आणि पहिल्यापासून सगळं सांगेन. तो ओरडेल, मायला घेऊन निघूनही जाईल. जाऊ दे. तुम्हाला शब्द देते, यात गफूरभाईंचं नाव येऊ देणार नाही. कुलूप मी घातलं, असंच सांगेन.

आणि ती राहिलीच, तर पुढच्या दिवाळीत टोळी निघायच्या दिवशी मी तिथे असेन. तुमची काठी घेऊन.

तुमची,
अजूनही भित्रीच,
मंगल