झोपायच्या गाडीत सामान भरताना

राहुरी, आपली वस्ती
मंगळवार, दुपार (लाइट गेलीय, म्हणून पत्र)

तीर्थस्वरूप राधाकृष्णमामा यांस,

तुमच्या आणि मामींच्या पायांवर डोकं ठेवून गोरक्षचा नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट आहोत, तुम्हीही असालच. मामींचा गुडघा कसा आहे? उसाला तोड वेळेवर मिळाली का? तुमची थोरली बहीण, म्हणजे माझी आई, विचारते की राधाकृष्णाने चहातली साखर खरंच सोडली की नुसती मामींच्या समोर सोडली. उत्तर मला कळवा, तिला काय सांगायचं ते मी बघतो.

फोन खिशात असताना हे पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. मामा, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. तुम्ही "कधी येतोस" म्हणता आणि माझ्या तोंडून "येतो की" निघून जातं. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, एवढीच त्यातली सोय.

तर गाडी घेतली. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी जुनी पिवळी व्हॅन होती, तिच्यातल्या सीटा काढून आत झोपायची आणि स्वयंपाकाची व्यवस्था करून घेतली. दिशा (तुमची नात, यंदा दहावीला बसली आणि उठलीसुद्धा) तिला कॅम्पर व्हॅन म्हणते. आई झोपायची गाडी म्हणते. शेजारीपाजारी आतला बेड बघून आमच्याकडे कोण आजारी आहे, अशी हळूच चौकशी करतात.

ही हौस माझी नव्हे. कारण रुपाली. लग्न झाल्यापासून आम्ही फिरलो नाही असं नाही, पण आपलं फिरणं म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचा दहावा. मुक्काम पाहुण्यांकडे, आणि सून म्हणून गेलेली बाई चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच परातीसमोर. कोल्हापूर कसं आहे विचारलं तर रुपालीला तिथल्या चुलतसासूबाईंचा ओटा आठवतो, तो उंच आहे म्हणे. या उन्हाळ्यात तिनं मला समोर बसवून सांगितलं, "मला चार दिवस समुद्र बघायचाय. आणि त्या चार दिवसांत कुणाच्याही घरात भाकरी थापायची नाही." मामा, ती चिडून बोलते तेव्हा मी निर्धास्त असतो. हे ती शांतपणे बोलली. दुसऱ्या दिवशी मी गाडी शोधायला बाहेर पडलो.

आतलं काम सहादेवला दिलं. माणूस कामाचा, पण जन्मभर त्यानं उसाच्या ट्रॉल्या बांधल्या. मी कपाट म्हटलं की तो "किती टनाचं?" विचारायचा. बेड लोखंडी अँगलचे केले, भिंतींना दोर आवळायच्या कड्या ठोकल्या आणि मागच्या दाराच्या जागी ट्रॉलीला असतो तसा वरून खाली पडणारा फाळका बसवला. फाळका कशाला म्हणून मी ओरडलो तर म्हणाला, असू द्या, कोकणातून येताना ऊस मिळाला तर. (कोकणातून ऊस.)

मग सामान. रुपालीचा नियम असा की माणशी एक पिशवी, आणि तिचं तोंड बांधता आलं पाहिजे. आईनं नियम नीट ऐकला, मान हलवली, आत गेली आणि एकच पिशवी बांधून बाहेर आणली. ती पिशवी म्हणजे बाजरीच्या पिठाचं पोतं होतं. कोकणात भात खातात आणि भातानं तिला जेवल्यासारखं वाटत नाही. पीठ आलं म्हणजे ते मळायची लाकडी काटवट आली, काटवट आली म्हणजे तवा आला, आणि काटवट गोल असल्यामुळे सहादेवच्या एकाही चौकोनी खणात जाईना. रुपालीचा चेहरा बघून आई म्हणाली, "भाकरी मी थापीन, तू पाण्याकडं तोंड करून बस." पाटा-वरवंट्याला मात्र मी ठाम विरोध केला. तेव्हा तिनं पाटा खाली ठेवला आणि वरवंटा घेतला. कोकणात सपाट दगड मिळतात, असं तिला कुणीतरी सांगितलंय.

दिशाचीही पिशवी एकच. तिला चाकं होती आणि तिच्यात मी पाय जवळ घेऊन झोपू शकलो असतो. केस सरळ करायचं यंत्र, केस कुरळे करायचं यंत्र (दोन्ही कशाला, हे विचारायचं नसतं) आणि फोटोसाठी गोल दिव्याची तिकटी, शिवाय कपडे, तेही दर सूर्यास्ताला वेगळे.

माझं म्हणाल तर दोन शर्ट. बाकी जे होतं ते सामान नव्हतं, ती सोय होती. पाण्याची मोटर (वाटेत विहीर लागली तर), पाइपचं एक वेटोळं (ठिबकचं दुकान असलेल्या माणसानं पाइपशिवाय घर सोडणं बरं दिसत नाही), सोलरचं पॅनेल, दोन जॅक (एक फसला तर), पान्यांची पेटी, ताडपत्री आणि फवारणीचा पंप. पंप का घेतला ते आत्ता आठवत नाही, पण घेताना कारण होतं. रुपालीनं या ढिगाकडे बघून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला सामान आणि सोय यांतला फरक समजावून सांगितला. तिला तो पटला असावा, कारण ती लगेच आत निघून गेली.

भरलं सगळं. दोन वेळा भरलं आणि दोन वेळा काढलं. तिसऱ्यांदा अख्खी वस्ती सल्ला द्यायला जमली आणि मोठ्या मुश्किलीनं सामान बसलं. बघतो तर बेडवर सामान, शेगडीवर सामान, बसायच्या जागी सामान, आणि आम्ही चौघं अंगणात. तरी घुसलो. आम्ही बसलो की फाळका लागेना, आणि फाळका लागला तेव्हा मी बाहेर होतो. शेवटी आतली सगळी सोय टपावर चढवून ट्रॉलीवर मोळ्या आवळतात तशी दोरानं आवळली आणि श्रीरामपूरपर्यंत एक चक्कर मारून बघू, असं ठरलं. मुक्काम नाही, कुणाकडे जायचं नाही, नुसतं जायचं आणि यायचं, असं रुपालीनं दोनदा वदवून घेतलं.

गाडी तीच चालवते, मी उतरून हात दाखवतो. गावाची स्वागत कमान तुम्ही बघितलीय. मी पुढे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होतो आणि माझ्या अंदाजानं वर चांगली दोन-अडीच हात जागा होती. अंदाज गाडीच्या टपाचा होता. टपावरचं पाइपचं वेटोळं माझ्या हिशेबातून सुटलं. गाडी कमानीत अशी रुतली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. मागे एसटी, तिच्यामागे दुधाचा टेम्पो, आणि बाजाराचा दिवस. वरचं सोडावं तर दोराच्या गाठी कमानीच्या आत अडकलेल्या. मी सहादेवला फोन लावत होतो, तेवढ्यात आईनं खिडकीतून डोकं काढलं आणि एसटीतून उतरून मजा बघणाऱ्यांना म्हणाली, "नुसतं बघताय काय, आत बसा. वजनानं गाडी खाली दबंल."

आणि मामा, बसले की. दहा-बारा माणसं आत चढली. पिठाच्या पोत्यावर दोघं, दिशाच्या पिशवीवर तिघं, आमच्या वस्तीवरचा सूर्यभान काटवटीत मांडी घालून. गाडी बेतशीर दबली, रुपालीनं हळूच गिअर टाकला आणि आम्ही कमानीतून सरळ पलीकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरायला मात्र कुणी तयार होईना. आता बसलोच आहोत तर बाजारापर्यंत सोडा, असं त्यांचं म्हणणं, आणि एसटी तोवर पुढे निघून गेलेली. ज्या गाडीत आम्ही चौघं मावत नव्हतो ती अर्धं गाव घेऊन श्रीरामपूरला गेली. आई वाटेत तीन वेळा म्हणाली, "बघ, जागा हुती."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्या दहा-बारा जणांतल्या एकीनं बाजारात तिथल्याच आमच्या भागूबाई आत्याला सांगितलं की तुमचा भाचा दारावरून चाललाय. आत्या भर बाजारातून चपला हातात घेऊन धावत आली. नुसता चहा घेऊन निघतो म्हणालो, तर पिठलं झालं. आणि पिठलं झालं म्हणजे भाकरी आल्या, आणि आत्याच्या सुनेचा हात भाजलेला. मी रुपालीकडे बघितलं नाही. थापल्याचा आवाज मात्र ऐकू येत होता, नेहमीपेक्षा जोरात. निघताना आत्यानं रिकामं पाठवणार का, म्हणून लोणच्याची बरणी, डांगर, कुरडयांचा डबा आणि एक जिवंत गावरान कोंबडी गाडीत घातली. कोंबडीनं राहुरी येईपर्यंत दिशाच्या तिकटीवर मुक्काम केला. डबा आता भरून परत करायचाय, म्हणजे श्रीरामपूरला पुन्हा जाणं आलं. येताना रुपालीनं गाडी जरा जोरातच हाणली. घराजवळ गाडी थांबवून किल्ली माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, "समुद्राच्या वाटेवर कोण कोण राहतं, ते आत्ताच सांगा."

खरं सांगतो मामा, मला फार वाईट वाटलं. तिनं मागून मागून मागितलं काय, तर चार दिवस, तेही मला देता येईनात. म्हणून शुक्रवारी पहाटे नक्की निघायचं ठरलंय. नगर, काष्टी, दौंड, फलटण, सातारा करत कुंभार्ली घाट उतरायचा, सरळ समुद्र. मोठ्यांचे आशीर्वाद असावेत. मामींना नमस्कार, वासराला माझ्यातर्फे थापटा.

तुमचा भाचा,
गोरक्ष

ता. क. काष्टीच्या वाटेवर तुमची वस्ती लागते, हे मी रुपालीला सांगितलंय. तेव्हा मामा, हात जोडून विनंती, शुक्रवारी तुम्ही रस्त्यावर उभे राहू नका. गुळाची ढेप नको, दही नको, अर्धा कप चहासुद्धा नको. राग मानू नका. तुमच्या दारावरून न थांबता जाणं आमच्यात आजवर कुणी केलेलं नाही.

ता. क. २. उभे राहायचंच असेल तर रिकामी ट्रॉली घेऊन उभे राहा. पोतं, काटवट, वरवंटा, दिशाची चाकांची पिशवी आणि कोंबडी असं सगळं चटकन उतरवून घ्या, परतताना नेईन. टपावरच्या सोयीला हात लावू नका, ती लागणार आहे. ट्रॉली योगायोगानं तिथं होती असं दाखवायचं. रुपालीला यातलं काही माहीत नाही.

ता. क. ३. मामा, नमस्कार. मी रुपाली. पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचून चिकटवतेय. ट्रॉली जरूर आणा. पोतं, काटवट आणि दिशाची पिशवी राहू द्या, त्यांना जागा झालीय. टपावरचं सगळं उतरवून घ्या, आणि पाठोपाठ यांनाही. आम्ही तिघी खाली उतरणार नाही, तुमच्या पाया पडायला हे आहेतच. मंगळवारी परतताना घेऊन जाऊ. तोवर मामींनी यांना पाहुण्यासारखं बसवून न ठेवता भाकऱ्या थापायला लावाव्यात. यांच्याशिवाय जायचं म्हणून मन थोडं खात होतं, म्हणून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जाऊ गं. समुद्र त्याच्याबिगर बी दिसतो."