दिवे लागल्यावर गायब होणाऱ्या कमेंट

मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा तेच! वाघ दिसला की गावोगावचे लोक आमच्या वाघ-सूचनेच्या पेजवर कमेंट टाकतात. माझा प्रोग्राम त्या उचलून जंगलातल्या गस्तीवाल्यांना पाठवतो. पण दिवे लागले की एकही येत नाही. प्रोग्रामात वापरलेली तयार कोडची लायब्ररीच त्या गाळते की काय? सगळं तपासलं. चूक सापडेना.

शेवटी पांढरकवड्याच्या काकूला फोन केला.

"टाकली ना वं कमेंट! आपल्या वावराच्या नाल्यापाशी जनावर बसून हाय म्हणून. तुहे काका वावरातच हायेत!"

"मग वाघ काहून नाही लिहिलं?"

"दिवे लागल्यावर त्याचं नाव घेतेत काय?"

लहानपणी मीही घेत नव्हते. आणि प्रोग्रामला शोधायला एकच शब्द दिला, वाघ!

'जनावर' घातलं. कमेंट धडाधड आल्या. सगळ्या आमच्याच नाल्याच्या.

गस्तीची गाडी निघाली आहे. काका फोन उचलत नाहीत.