पाहुणा हसला तर

आईले रंजीताचा नेदरलँड्सहून नमस्कार,

मी बरी आहो. भात रोज होते, फक्त आपल्या तलावाची मासोळी भेटत नाई. बाबाचा गुडघा कसा आहे?

फोन सोडून पत्र काऊन, म्हणशीन. आमच्या विद्यापीठाच्या केंद्रात जंगल आणि पाणी कोणाच्या हक्काचं, यावर देशोदेशीच्या कायद्यांचा अभ्यास चालते. तिथला मार्टेन पुढच्या महिन्यात आपल्या गावाले येणार आहे. मासेमारांच्या हक्कावर लिहायचं आहे म्हणते. पण मले तलावाचं कधीच विचारत नाई. डोंगरावरच्या लाल दगडाचंच विचारते. खाणवाल्यांचा माणूस तर नसन?

मराठी येत नाई, असंही म्हणते. पण परवा मी तुले फोनवर बोलली ना, बाबा घोरले का गावातले कुत्रे भुकते, तवा बाजूच्या टेबलावर तो खुदकन हसला.

पाहुण्याले डोंगरावर नेल्याशिवाय बाबाले चैन पडत नाई. म्हणून मार्टेन आला का आधी त्याले रस्साभात वाढ आणि त्याच्यासमोर हाच किस्सा धाकट्या रीताले सांग.

तो हसला, तर बाबाचा गुडघा लय दुखते म्हणजो.

तुझ्या गोधडीत झोपणारी,
रंजीता