चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

९ नोव्हेंबर, रविवार

१. सकाळी अकराला केतनच्या घरची पाच माणसं जयसिंगपूरहून मला बघायला आली.
२. पसंती झाली. साखरपुडा ३० तारखेला ठरला.
३. केतनच्या आईनं माझ्या आईला पेढा भरवला. आईनं खाल्ला.
४. आईनं त्यांना भरवला. त्यांनी त्यातलाच अर्धा परत आईच्या तोंडात घातला. आईनं तोही खाल्ला.
५. जेवणात बासुंदी. "विहीणबाई, लाजताय काय?" — म्हणून दुसरी वाटी.
६. तीनला पाहुणे गेले. चारला आई तांब्यामागून तांब्या पाणी प्यायली आणि सोफ्यावर आडवी झाली. हाक मारली तर नुसतं हूं.
७. साखरेच्या मीटरवर ३८६.
८. दवाखाना. सलाईन, इन्शुलिन. डॉक्टरांनी उजव्या पायाच्या बोटाची पट्टी उघडून पाहिली. ऑगस्टपासूनची जखम, अजून भरलेली नाही. म्हणाले, "साखर अशीच राहिली तर हे बोट काढावं लागेल."
९. परतताना रिक्षात आईचं पहिलं वाक्य — "जयसिंगपूरला कळता कामा न्हाय."

ओतकामात दोष निघाला की कारखान्यात मी असंच लिहिते. काय घडलं ते आधी, मत नंतर.

मत: मला भयंकर राग आलाय. आईला मधुमेह आहे हे ऑगस्टपासून आम्हा तिघांना माहीत आहे. आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी. तिघंही समोर बसलो होतो. त्या बाई पेढा पुढं करत होत्या आणि अण्णा हसत होते!

१० नोव्हेंबर, सोमवार

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता दिलाय. ओट्स. क्विनोआ. ब्लूबेरी. हा तक्ता कुणासाठी छापलाय? महाद्वार रोडला ब्लूबेरी कोण विकतं ते तरी खाली लिहायचं!

रात्री साडेआठला हलकं जेवण, असंही लिहिलंय. आई सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. पाळणाऱ्या जैनांच्या घरी ही काही नवलाई नाही. पण ते त्या बाईंना आईनं सांगितलं नाही.

"त्यांनी विचारलं न्हाय की."

सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, असं सुचवलंय. डाळ आणि दही एकत्र म्हणजे द्विदल. तेही आमच्यात चालत नाही. आईनं तक्ता फ्रिजवरून काढून माझ्या हातात दिला.

"मग मी खायचं काय गं? वारा?"

हा प्रश्न मात्र रास्त आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अटी लिहून काढल्या. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. संध्याकाळचं जेवण उजेडात, आणि त्यावर सकाळपर्यंत पोट राहिलं पाहिजे. डाळीबरोबर दही-ताक नाही. आणि आईला आवडलं पाहिजे.

शेवटची अट सगळ्यात अवघड.

डॉक्टरांना फोन करून सूर्यास्ताचं सांगितलं. गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली. दोन मिनिटांचं काम. तीन महिने कुणी केलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज असं बसवलं —

सकाळी मुगाची दोन धिरडी, आत भरपूर कोथिंबीर, वर ओल्या नारळाची चटणी. दही नाही. दुपारी नाचणीची भाकरी, दोडक्याची भाजी आणि ताक. या जेवणात डाळ नाही, म्हणून ताक चालतं. चारला मूठभर फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. साडेपाचला ज्वारीची भाकरी, मेथीत जास्तीची मूगडाळ, शिजवलेले हरभरे, काकडी, जवसाची चटणी.

आईनं फुटाण्यांकडं पाहिलं. "घोड्याला घालतात ते मला घालतीयास."

"घोडा दिवसभर पळतो."

"मी पळतो व्हय? बोट सुजलंय माझं."

पण खाल्ले. रात्री नऊला विचारलं, भूक लागली का? म्हणाली, "न्हाय बाई. हरभरा अजून बोलतोय पोटात."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उपाशीपोटी ११८. उत्तम. संध्याकाळी जेवणाआधी २४१. काल संध्याकाळी २५५.

दुपारच्या जेवणात एवढं काही नाही. म्हणजे दुपारनंतर काहीतरी आत जातंय.

"आई, काही खाल्लंस?"

"न्हाय."

"चहात?"

"बिनसाखरेचाच. तोंड कडू होतंय त्यानं."

"प्रसाद? कुणाच्या घरी काही?"

"न्हाय म्हटलं न्हवं! मी काय खाल्लो न्हाय. खोटं बोलतो व्हय मी?"

आई खोटं बोलत नाही. मीटर मी कारखान्याच्या दवाखान्यातल्या मीटरशी ताडून पाहिलं, तेही खोटं बोलत नाही. दोन्ही खरं असेल तर माझं काहीतरी चुकतंय. लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे मी रोज सांगते. आणि माझ्या आईच्या पोटात दुपारी काय जातं ते मला सांगता येत नाही!

१५ नोव्हेंबर, शनिवार

कळलं.

आज लवकर सुटले ती थेट शाहूपुरीत अण्णांच्या अडत दुकानात गेले. दिवाळीच्या पाडव्यापासून गुळाचे सौदे सुरू आहेत. दुकानभर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, रचलेले. आणि आई आतल्या गादीवर बसलेली. पुढ्यात ताट. ताटात प्रत्येक रव्याला सुरी लावून काढलेला एकेक खडा.

एक तोंडात. डोळे मिटून. "खारट हाय हा. नदीकाठचा दिसतोय." दुसरा. "पाक जळलाय." तिसरा. "हा गुजरातला धाडा."

अण्णा लिहून घेत होते. दारात मी उभी आहे हे दोघांनाही दिसलं नाही.

"आई!"

"आलीस? बस. च्या सांगू?"

"तू म्हणालीस काही खाल्लं नाही."

तिला खरोखर समजलं नाही. ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे व्हय? हे खाणं कुठलं? ही चव बघणं हाय."

रोज दुपारी दोन ते चार. प्रत्येक मालाचा खडा. फुटाणे डब्यात घालून मीच द्यायचे, ती ते इथं आणून या खड्यांवर खायची.

सगळ्यात राग याचा आला — मला हे माहीत होतं. शाळेतून येऊन मी याच गादीवर अभ्यास केलाय. आई चव बघतीये म्हणजे आई काम करतीये. मी अटींत गूळ नाही असं लिहिलं आणि या ताटाचा विचार माझ्याही मनात आला नाही.

अण्णा म्हणाले, "साखर बंद केलीया न्हवं तिची? गूळ चालतो. गुळानं कुणाला काय होत न्हाय. तुझ्या आजोबांनी जन्मभर खाल्ला."

"आजोबा कशानं गेले, अण्णा?"

अण्णांनी वही मिटली. आजोबांचा पाय गुडघ्याखाली काढला होता.

"गूळ म्हणजे बहुतेक साखरच आहे, अण्णा. रंग वेगळा."

"दुकानात उभं राहून असं बोलू नये," म्हणाले. हळू आवाजात. बाहेर शेतकरी बसले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर भांडण. एकाच मुद्द्यावर.

मी म्हटलं, चव बघा आणि थुंका. चहाच्या मळ्यांत तेच करतात.

अण्णा उठून उभेच राहिले. "थुंकायचा? गूळ? पाडव्याला पूजा करतो आपण त्याची!"

"मग आईचं बोट कापायचं का?"

"तोंड आवर ऐश्वर्या."

आई मधेच, शांतपणे — "व्यापारी फोनवर पहिलं काय विचारतो म्हाईत हाय? भाभीनं चव बघितली का. गोमटेश अडत्याला, म्हंजे तुझ्या अण्णांस्नी, विचारत न्हाय. मला विचारतो."

ते ताट तिच्याकडून काढून घेणं म्हणजे नुसता गूळ काढून घेणं नाही. हे कुठल्याच तक्त्यात नाही.

शेवटी तिनंच तोडगा काढला. खडा जिभेवर टेकवायचा, रुमालात घ्यायचा. वर पाण्यानं चूळ भरायची. थुंकायचं नाही, गिळायचंही नाही. रुमालातले खडे गाईला. अण्णा पुटपुटले, "गाईला साखर झाली म्हंजे?" आणि आम्ही तिघंही हसलो. आठवड्यात पहिल्यांदा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी १३९!

२० नोव्हेंबर, गुरुवार

केतनचा फोन. साखरपुड्याला जिलेबी की गुलाबजाम? "आईला दोन्ही आवडतात. तुमच्या आईंना काय आवडतं?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

तो प्रश्न नीट विचारतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतो. अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. एवढंच लिहिते.

मग आईला म्हटलं, त्यांना सांगून टाकू. दोन आयांनी एकमेकींना साखर भरवायचीच असते त्या दिवशी. पुन्हा ३८६ होईल.

"चिमूटभर खातो."

"मागच्या वेळीही पेढाच होता पहिल्यांदा."

"लग्न झाल्यावर सांगू की."

"का?"

"घराण्यात हाय म्हणतील. आजा पण त्यातच गेला म्हणतील. पोरीला पण होणार म्हणतील. मग काय करशील?"

"म्हणू देत. ज्यांना एवढं पटत नाही त्यांच्या घरी मला जायचंच नाही."

"बोलायला सोपं हाय तुला," म्हणाली. "तुझं बोट हाय का सुजलेलं?"

माझं म्हणणं साधं आहे. आकडा आहे तर सांगायचा. कारखान्यात माल पाठवताना दोष लपवला तर माणूस कामावरून जातो. माणसं एकमेकांच्या घरी मुली पाठवताना मात्र लपवतात आणि त्याला रीत म्हणतात! मला याची चीड आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ड्रेसिंगला गेलो. जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्यात. डॉक्टर "चांगलं चाललंय" म्हणाले. आईनं त्यांना हरभऱ्याची उसळ कशी करायची ते सांगितलं.

घरी आल्यावर मी जेवणानंतरची साखर बघायला सुई घेतली. तिनं हात मागं घेतला. "मला तेवढी रोज टोचतीस. स्वतःला टोच की एकदा. बघू, किती धीट हायस."

टोचली. त्यात काय?

मीटरला थोडी चूक असतेच. सोमवारी लॅबमध्ये माझंही रक्त देते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रक्त दिलं. कारखान्यात कामात लक्ष होतं.

केतनचा निरोप आला होता — मिठाईचं काय ठरलं? उत्तर दिलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. आई म्हणाली, कुणाला सांगू नको, तीस तारीख होऊ दे. आणि मी हो म्हणून मान हलवली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल मीही लपवायला तयार झाले होते. आज सकाळी आईसमोर बसून लिहिलं. ती वाचून म्हणाली, "माझं आधी घाल." तसं केलं. पाठवलेला मजकूर —

केतन,
माझ्या आईला मधुमेह आहे. तो आम्ही तुमच्यापासून लपवला. माझ्या आजोबांनाही होता. माझ्या रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.२ आली आहे. याला अजून मधुमेह म्हणत नाहीत. पण पुढं होण्याची शक्यता मोठी आहे.
साखरपुडा करायचा की नाही, हे शुक्रवार, २८ तारखेपर्यंत कळवावे.
ऐश्वर्या