उंदरांनी खाल्लेला पासपोर्ट

हेनाम, २२ नोव्हेंबर

बोरमच्या आईला,

तिकडे सगळे बरे असतील असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. माझे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे माझं ऐकत नाहीत. तुझा नवरा दोक्सू दोन्ही वेळा जेवतो आणि दोन्ही वेळा भाजीला नावं ठेवतो, तेव्हा त्याचीही तब्येत उत्तम. बोरमचा पुढचा दात पडला. छपरावर फेक म्हटलं तर ऐकेना. "आईला दाखवल्याशिवाय नाही," म्हणते.

पत्र मिसून लिहितेय, पार्लरवाली. केस कुरळे करून घ्यायला आले होते. म्हटलं, औषध डोक्यात मुरेपर्यंत रिकामी बसू नकोस, लिहायला घे. फोनवर मी तुला हवापाणी विचारते, तू "बरंय आई" म्हणतेस आणि दोघी फोन ठेवतो. त्याने काम व्हायचं नाही. तुला आमची अक्षरं येतात. मला येत नाहीत, पण बोलायचं आहे मला.

किमचीसाठी यंदा ऐंशी कोबी मिठात घातले. शेजारची ग्वाक आजी मदतीला आली होती, म्हणजे पाहायला. म्हणाली, "काय गं, सून पळाली वाटतं?" मी म्हटलं, "तुझी पळाली तेव्हा मी विचारायला आले होते का?" खरं तर गेले होते. सात वर्षं झाली. तिची सूनही तुमच्याच देशाची. तू आमच्या घरी येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी एक काम केलं. ते सांगते, पण आधी सोलचं बोलू दे.

तुझ्या आईचा आजार कळल्यावर तू पासपोर्ट मागितलास, मी सापडत नाही म्हटलं. तू नवा काढायला सोलला तुमच्या दूतावासात निघालीस, तर मीही पाच तास बस सोसून आले. सोबत म्हणून नव्हते आले गं. तू तिथे काय सांगतेस ते ऐकायला आले होते.

मला वाटायचं, दूतावास म्हणजे मोठ्या लोकांनी झेंड्याखाली बसून जेवायची जागा. तिथे पाहिलं तर एक बाई तान्ह्या बाळाचं नाव नोंदवत होती. एका पोराला लग्नाच्या कागदावर शिक्का हवा होता. कारखान्यात बोटं गमावलेला एकजण, मालक दाद देत नाही म्हणून आला होता. आणि एक म्हातारा भावाच्या अस्थी घरी कशा न्यायच्या ते विचारत होता. जन्म, लग्न, मरण, सगळं एकाच खिडकीवर.

मग खिडकीतली बाई तुझ्याशी तुमच्या भाषेत बोलली, आणि तू बोलायला लागलीस. हातवारे करत, मध्येच हसत. सात वर्षांत माझ्या घरात तू एवढी बोलली नव्हतीस. मी बाकावर बसून बघत होते, ही कोणाची पोरगी म्हणून.

मग तिने मला विचारलं, आमच्या भाषेत. "आजी, पासपोर्ट गेला कुठे?"

"उंदरांनी खाल्ला."

"पुठ्ठ्यासकट?"

"आमच्याकडचे उंदीर दांडगे आहेत."

ती हसली नाही. म्हणाली, "आजी, ते पुस्तक नवऱ्याचं नसतं आणि सासूचंही नसतं. आत जिचं नाव, तिच्याच हातात राहायला हवं. कोणी अडवून ठेवलं तर आम्हाला सांगायचं, आम्ही इथे त्यासाठीच बसलोय." मग मला कळावं म्हणून तुलाही आमच्याच भाषेत विचारलं, "कोणी ठेवून घेतलाय का?"

तू म्हणालीस, "नाही. माझ्याच हातून हरवला." आणि तसंच लिहून सही केलीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

नवा यायला नऊ दिवस लागले. तुझी आई सातव्या दिवशी गेली.

मिसूनचा हात थांबलाय. लिही बाई, त्यासाठीच आलेय.

पासपोर्ट माझ्याकडे होता. मागच्या अंगणातल्या रांजणांमध्ये सुकटीची लहान बरणी आहे ना, तिच्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. "सांभाळून ठेवते" म्हणून तुझ्याकडून घेतला तो ग्वाकची सून गेली त्या संध्याकाळी. चार वर्षांपूर्वी तू एकदा माहेरी जाऊ का म्हणालीस, तेव्हा मी कोबी काढणीचं कारण सांगितलं. यंदाच्या नऊ दिवसांत एकदा बरणीत हात घालून तो बाहेर काढला होता. पुसला. परत ठेवला.

माफी तुझ्या आईची मागायला हवी. ती आता मागता येत नाही. तुझी मागते. तू देशील म्हणून मागत नाही.

दोक्सूला मी सगळं सांगितलं. तो जे बोलला ते पत्रात घालण्यासारखं नाही. मिसून तयार होती, मीच नको म्हटलं.

आणखी एक आहे. तू माहेरी गेलीस तेव्हा बोरमला शाळा बुडते म्हणून मीच ठेवून घेतलं. पोर इथे आहे तोवर आई परत येणारच, असं धरून तीन आठवडे मी निवांत झोपले. परवा तिची वेणी घालताना लक्षात आलं, बरणीच काय ती बदलली.

तिचा पासपोर्ट काल आला. येत्या मंगळवारी दोक्सू तिला घेऊन तुझ्याकडे येतोय. पासपोर्ट तिच्या गळ्यातल्या पिशवीत असेल, उतरल्यावर तू काढून घे. तुझा जुनाही दोक्सूजवळ दिलाय. तो आता रद्दच, आणि सुकटीचा वास मारतो.

परतीचं तिकीट एकट्या दोक्सूचं काढलंय. बोरमचं आणि तुझं काढायचं की नाही, ते तू ठरव. शाळेत मी सांगून ठेवलंय. ग्वाक आजीने विचारलं तर काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तू मला आई म्हणतेस ते सवयीने की मनापासून, हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. म्हणून खाली नुसतं नाव घालायला सांगितलंय.

पाक ओक्बुन