बिबट्याला दिलेला शेरा

।। श्री ।।

जुळे सोलापूर,
३ जानेवारी २०२५

ती. सोनाआक्कास,
धाकट्या हिंदुरावचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर कमी बोलता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

अजिंक्यची सृष्टी पुण्याहून चार दिवस आली होती. तिला घेऊन रविवारी प्राणीबागेत गेलो. नातीला प्राणी बघायचे होते, मला तपासायचे होते. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून आयुष्यभर शाळा तपासल्या. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी खिशातली वही सुटत नाही. दहा मिनिटांत अख्खी शाळा ओळखणारा माणूस मी, मला एका पिंजऱ्याला दोन मिनिटं पुष्कळ झाली. शेरे असे दिले: अस्वल – भर दुपारी झोपलेले, निस्तेज, बहुधा उपाशी. मगर – तोंड उघडे ठेवून पडली आहे, पाण्याची सोय नसावी. बिबट्या – अत्यंत तरतरीत, सतत चालतो, व्यायामाची आवड, उत्तम.

सृष्टी म्हणाली की आजोबा, तो दर वेळी त्याच दगडापाशी वळतोय. मी तिला तिथंच शिस्त म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग अभिप्राय वहीत अस्वलाच्या वतीनं पानभर तक्रार लिहिली, खुलासा मागवला आणि खाली सही ठोकली. हुद्दा ठळक लिहिला, '(निवृत्त)' एवढं बारीक अक्षरात.

आता मुद्द्याचं. तुझ्याबद्दलचा शेराही तयार आहे. दिवाळीत जेऊरला आलो तेव्हा तू भर दुपारी लिंबाखाली गप्प बसली होतीस. दाजी जाऊन चार वर्षं झाली. तू वाळलीस, एकटी पडलीस. चंद्री म्हशीला कुणाला तरी देऊन टाक आणि कायमची इकडे ये. लिफ्ट आहे, दोन्ही खोल्यांत पंखे आहेत. पाणी रोज येत नाही, पण टाकी मोठी आहे.

उत्तर लवकर पाठव. माझ्यावर माया असू दे, शेऱ्याचा राग नको.

तुझा,
हिंदुराव

।। श्री ।।

जेऊर,
१४ जानेवारी २०२५

चि. हिंदूस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रासोबत तीळगूळ पाठवलाय, खा आणि मग पुढं वाच.

दिवाळीला तू आलास दोन वाजता आणि गेलास साडेचारच्या गाडीनं. मी त्या दिवशी चारला उठून धार काढली, शेण भरलं, कडवळ कापून चाऱ्याचा भारा डोक्यावर आणला, चंद्रीला धुतलं, तुझ्यासाठी पुरणाचा घाट घातला. एवढं करून दोन वाजता लिंबाखाली बसायचं नाही तर काय नाचायचं? मला तेवढाच अर्धा तास सुखाचा मिळतो, आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा दौरा. त्या अस्वलाचंही असंच काहीतरी असेल. रात्रभर ते काय करतं, हे कुणाला विचारलंस का?

आपल्याच शाळेत तू तपासणीला यायचास, तेव्हा मास्तर पोरांना आदल्या दिवशी विहिरीवर नेऊन घासायचे. तू लिहायचास, स्वच्छता उत्तम. मला पक्कं ठाऊक हाय, साबण मीच द्यायची की.

तरी एवढा म्हणतोस तर पंधरा दिवस येऊन बघते. तोवर शेजारचा ज्ञानू चंद्रीची धार काढील. त्याचा तिच्यावर लई दिवसांपासून डोळा आहे. तुझ्याकडं करमलं तर शिवरात्र झाल्यावर तिचं दावं त्याच्या हातात देईन.

जिवाला जप. आक्काची आठवण ठेव, वहीत नको, मनात ठेव.

तुझी,
आक्का

।। श्री ।।

जुळे सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
हिंदूचा नमस्कार. वि. वि.

सोमवारी तुला गाडीत बसवलं तेव्हा तू म्हणालीस की ठरलं, चंद्रीला देऊन कायमची येते. मी फलाटावरच हवेत तरंगायला लागलो. कालपर्यंत तरंगत होतो. काल मात्र खाली आपटलो, ते कसं ते सांगतो.

माझ्या तक्रारीवर प्राणीबागेतून निरोप आला की खुलासा समक्ष येऊन घ्यावा. मला वाटलं, घाबरले. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथं प्राण्यांची देखभाल करणारे हुसेनसाब भेटले. त्यांची सगळी नोकरी जनावरांत गेलेली. त्यांनी मला साहेब साहेब म्हणत बाकावर बसवलं आणि म्हणाले की दीड तास हलायचं नाही. आक्का, एवढ्या नोकरीत मी एका वर्गात दीड तास बसलेलो नाही.

मग एकेक खुलासा आला. अस्वल रात्री जागं असतं, दिवसा निवांत झोपतं. त्याला त्रास असतो तो जाळी वाजवून उठवणाऱ्यांचा. मी वाजवली होती. मगर ऊन खाताना अंग तापलं की तोंड उघडते, पाणी तर तिच्या शेजारीच होतं. ते माझ्या चष्म्यातून सुटलं होतं. शेवटी मी बिबट्याकडे बोट दाखवून म्हणालो की हा तरी मजेत आहे ना. हुसेनसाब म्हणाले की साहेब, हाच एक मजेत नाही. हा पूर्वी बरीच वर्षं कुठंतरी एवढ्याशा पिंजऱ्यात होता. जागा सुटली, पण फेऱ्या सुटल्या नाहीत. त्यांनी जमिनीवरची वाट दाखवली. चालून चालून गवत गेलेलं, आणि वळायच्या दगडापाशी माती गुळगुळीत. आता ते त्याचं मटण ओंडक्यांत लपवून ठेवतात, म्हणजे शोधण्यात त्याचा जीव रमतो. फेऱ्या कमी झाल्यात म्हणे. पण लोक टाळ्या वाजवतात त्या यालाच.

मला तिथंच तू आठवलीस. इथे असताना सकाळपासून गॅलरी ते दार, दार ते गॅलरी तू चालायचीस. मी शेजारच्या सोमेशला बोलावून कौतुकानं दाखवलं. अजिंक्यला कळवलं की आत्या छान रमली, व्यायामही सुरू केला. बिबट्याचा शेरा मी तुलाही देऊन बसलो. माझ्याएवढा मूर्ख अधिकारी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

आक्का, तू यावंस असं मला फार वाटतं, खोटं कशाला बोलू. पण अशी नको. चंद्रीला देऊ नकोस. हे पत्र वेळेत पोचू दे, एवढंच देवाला मागतो.

रागवायचं तेवढं रागव, पण दूर लोटू नकोस.

तुझा,
हिंदू

।। श्री ।।

जेऊर,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. हिंदूस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शिवरात्रीच्या दिवशी पोचलं. दुसऱ्या सकाळी ज्ञानू दारात उभा होता, त्याला तसाच चहा पाजून परत पाठवला. चंद्री आहे तिथंच आहे. तिला काही कळलं नाही, शांतपणे रवंथ करत होती.

आता माझा खुलासा. हिंदू, फेऱ्या तू मारत होतास. मी तुझ्या मागून चालत होते.

पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं. गॅलरीत जायचं, खाली फाटकाकडं बघायचं, परत आत येऊन दाराची कडी चाचपायची, दाक्षायणीच्या फोटोपाशी वळायचं, पुन्हा गॅलरी. जेवणापर्यंत तेवीस मोजल्या. फोटोखालच्या फरशीची चकाकी गेलीय, वाकून बघ. बायको जाऊन दोन वर्षं झाली तुझी, पोरगा पुण्यात, आणि तू मला एकटी पडलीस म्हणून पत्र लिहितोस. चार पानी पत्रात स्वतः काय जेवलास ते एक ओळ नव्हती. म्हणून तर मी आले होते. तुला एकट्याला तसं फिरू देववेना, म्हणून मागं चालले, गुडघे दुखेपर्यंत. चंद्रीला द्यायला निघाले ती पंख्यांसाठी नाही रे, तुला तिथं टाकून राहवेना म्हणून.

आता असं कर, तूच ये. दोन तासांचा दौरा नको, अंथरूण-पांघरूण घेऊन ये. चंद्री गाभण आहे, कडवळ कापायला हात कमी पडतात, आणि लिंबाखाली दोन माणसं बसतील एवढी सावली आहे. दोन दिवसांत कंटाळलास तर तसं तोंडावर सांग, गाडी आहेच.

शेरा: हिंदू – चालतो फार, जेवतो कमी. मायेचा आहे. ताबडतोब जेऊरला पाठवावे.

तुझी,
आक्का

।। श्री ।।

जुळे सोलापूर,
५ मार्च २०२५

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं आणि तुला खोटं पाडायचं म्हणून काल स्वतः मोजायला बसलो, म्हणजे उभा राहिलो. जेवणापर्यंत तेवीस नव्हेत, एकतीस. तू असताना आठ कमी होत्या. मग फोटोखालची फरशी वाकून बघितली, आणि वाकलेला तिथंच बसलो. बराच वेळ रडलो, आक्का. दाक्षायणी गेल्यावर पहिल्यांदाच.

शनिवारच्या गाडीनं येतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतो. वही इथंच ठेवून येतोय. धार काढायला शिकव, पण चंद्रीनं लाथ मारली तर हसायचं नाही.

माया आहेच, आता ती समोर बसून घेईन.

तुझा,
हिंदुराव
(निवृत्त – मोठ्या अक्षरात वाच)