फोटोपुरता कोरडा पाट

तंजावूर,
८ ऑगस्ट १९९७

प्रिय सुप्रभा,

नामदेवच्या एसटीडी बूथवर तुझा फोन आला तेव्हा माझ्या मागे चार माणसं रांगेत होती आणि नामदेव कान टवकारून बसला होता. जिनेव्हाचा फोन म्हणजे आपल्या गल्लीत अजून सणच. म्हणून मी नुसतं हं, हं, बरं करत राहिलो, आणि तू तो होकार समजलीस.

मुद्दाम मराठीत लिहितोय. तुझ्या खोलीतली ती मदुरैची मुलगी तमिळ पत्र सहज वाचेल. देवनागरी मात्र आपल्या राजवाड्याच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांतसुद्धा किती जणांना येते? तुला तुझ्या अप्पांनी शिकवली, मला मिरजेने. कॉलेज सोडल्यावर मी, वीणा बनवणाऱ्या रघुपतीमामांबरोबर फणसाचं लाकूड घेऊन गेलो होतो, चार दिवसांसाठी, आणि सहा महिने राहिलो. दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो. तिथे वाद्यांच्या तारा ओढणारा एक म्हातारा होता, तो जेवताना सुद्धा... राहू दे. तूच म्हणायचीस ना, मुरळी, तुला तिरुवैयारुला धाडलं तर तू ओरत्तनाडुला पोचशील, नेमका उलट्या दिशेला.

तिरुवैयारुपलीकडच्या त्या गावातही मी असाच पोचलो, सायकल पंक्चर झाली म्हणून. आनी महिना होता, जून सरत आलेला. मेट्टूर धरणाचं पाणी यायला आठवडा, आणि सगळं गाव कोरड्या पाटात उतरलेलं. घरटी एक माणूस, हातातल्या मम्मट्टीने गाळ ओढतोय. ज्या घराचा हात पडला नाही, त्या घराची पाण्याची पाळी सगळ्यांत शेवटी, हा त्यांचा कायदा. कामाक्षीअम्माच्या घरी पुरुष उरलेला नाही, ती मजूर लावून हात भरायची, आणि त्या वर्षी मजुराने दगा दिला होता. काठावरून ती मला म्हणाली, काय रे ताडमाडा, नुसता बघतोस, हात आहेत की शोभेला लावलेत? मी उतरलो. तेव्हापासून दर वर्षी तिच्या घरचा हात मीच. गावचा कारभारी सूर्यनारायण घरांची नावं पुकारतो, कामाक्षीचं घर म्हणतो, आणि मी ओरडतो, आलं! आमच्या घरी मला कशातच कोणी धरत नाही हे तुला माहीत आहे. त्या पाटात मला धरतात.

मग गेल्या वर्षी तू ती जाहिरात घेऊन आलीस. आंतरराष्ट्रीय संस्था, शाश्वत विकास, सहा महिन्यांची इंटर्नशिप, लोकांबरोबर काम केल्याचा अनुभव हवा. तुझ्याकडे एम.एस्सी.चे मार्क होते, लोक नव्हते. मी म्हटलं, लोक माझ्याकडे आहेत, माझे घे. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पायरीवर तू इतकी हसलीस की सेतुमाधव सर आतून खेकसले. मग तुला कॅरिअरवर बसवून घेऊन गेलो. दोन दिवस होतीस. फोटो काढलेस, एका फोटोपुरती मम्मट्टी हातात धरलीस, आणि बायका ओरडल्या, अहो कलेक्टरअम्मा, सावकाश, पाट कुठे पळून जात नाही! संध्याकाळी तू विचारत होतीस, मी सांगत होतो, तू लिहून घेत होतीस. पाळी कशी ठरते, भांडण झालं तर कोण सोडवतो, सगळं. इंग्रजीत काय लिहिलंस ते मी कधी विचारलं नाही. कशाला विचारू? तुझी निवड झाली तेव्हा तुझ्या अप्पांच्या आधी गल्लीत जांगिरी मी वाटली. कामाक्षीअम्माला सुद्धा नेऊन दिली. ती म्हणाली, आपल्या पाटाची पोरगी विमानात बसणार.

आणि परवा फोनवर तू सांगतेस की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथले दोन साहेब हे गाव बघायला येणार आहेत. त्यांना तू सांगितलं आहेस की ही प्रथा वीस वर्षांपूर्वी बंद पडली होती, आणि गेल्या वर्षी तुझ्या ग्रुपने ती पुन्हा सुरू केली. सुप्रभा, कुठला ग्रुप? तू, मी आणि माझी सायकल? वर म्हणालीस, तुझंही नाव आहे हं, फील्ड असिस्टंट म्हणून. इतक्या प्रेमाने म्हणालीस, जणू दिवाळीचा सदरा पाठवलास. फोटोतल्यासारखी चाळीस माणसं पाटात गाळ काढताना दिसायला हवीत. त्यांना पसंत पडलं तर तुझी इंटर्नशिप संपून पक्की नोकरी होईल. मी म्हटलं, पाटात पाणी आहे. तू म्हणालीस, मग दोन दिवस बंद करायला सांग ना.

नेमक्या त्या आठवड्यात कुरुवैचं भात निसवायला येईल. तेव्हा पाणी तुटलं तर लोंब्या पोचट राहतात. हे तुला मी सांगायला हवं का? पुस्तकातून पास झालीस ती तू.

तरी मी गेलो. तुझं काम, म्हणून गेलो. अम्माच्या दारातल्या तिण्णैवर, ओट्यावर, सगळे बसले होते. आधी खूप हसले. सूर्यनारायण म्हणाला, भरल्या पाटातला गाळ काढायचा तर बुड्या मारणारे आणावे लागतील, साहेबांना पोहता येतं का विचार. मग मला उरलेलं सांगावं लागलं, की ही रीत बंद पडली होती असं तुम्ही म्हणायचं आहे. कोणी हसलं नाही. अम्माने कापीचा पेला खाली ठेवला. म्हणाली, आमचे हे दहा वर्षांपूर्वी पंगुनीत गेले. तीनच महिन्यांनी, आनीत, या घराचा हात पाटात होता, दागिना मोडून मजूर लावला होता मी. मग बंद कधी पडली? रागाने नाही विचारलं. आपल्यालाच काही आठवत नसेल, अशा चेहऱ्याने विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

आणि पुढे जे झालं ते मला अजून सोसवत नाही. ते आपसांत बोलले, आणि सूर्यनारायण म्हणाला, मुरळी कामाक्षीच्या घरचा हात आहे. त्याने त्या मुलीला शब्द दिला असेल तर दोन दिवस पाटाच्या तोंडाचं शटर पाडू, होईल ते नुकसान सगळे वाटून घेऊ. तू सहा महिने मोठमोठ्या लोकांत आहेस. असं कोणी तुझ्यासाठी म्हणालं का?

मी त्यांना सांगून आलो, शटर पाडायचं नाही. पाट भरलेला असेल आणि साहेबांना भरलेलाच दिसेल. हे मी फोनवरही सांगितलं असतं, पण तू रडली असतीस आणि मी विरघळलो असतो, म्हणून पत्र. ते निघायच्या आधी हे तुझ्या हातात पडेल, आणि त्यांना खरं काय ते तुझ्याच तोंडून सांगायला तुला दोन-तीन दिवस मिळतील. ते तुला नोकरीत ठेवतील की घालवतील, मला ठाऊक नाही, पण सांगशील तर तूच सांगितलेलं असेल. नाही सांगितलंस, तर ऐक. फोन तुटता तुटता तू म्हणालीस, दुभाष्या बाहेरचा नको, तू बस, तू सांभाळून घेशील. बसणार आहे. साहेब विचारतील, ही प्रथा बंद कधी पडली होती? अम्मा तमिळमध्ये उत्तर देईल. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण तेवढं उत्तर मला येतं. नेव्हर.

अजून तरी तुझाच,
मुरळी